आवाज येतो, शब्द उलगडत नाही: कॉक्लिअर इम्प्लांटचं परत परत उलटणारं दुखणं आणि वर्णमालेचा तक्ता

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की मला घरात स्वच्छ ऐकू येतो. कुकरची शिट्टी कळते, पत्र्यावर पावसाची पहिली सर आपटली की कळते. पण स्वयंपाकघरातून सून विचारते, "आई, डाळ काढू?" आणि माझ्या डोक्यात उमटतं "बाळ काढू". नातीने "पान दे" म्हटलं की मी कानाला हात लावते. आवाज भरपूर असतो, कमी अजिबात नसतो. फक्त शब्दांच्या कडा पुसल्या जातात, ओल्या पाटीवर खडूने लिहिल्यासारख्या.

इम्प्लांट होऊन मला पाच वर्षं झाली. त्यात कानामागचं यंत्र आवाज टिपतं आणि आतल्या कानात बसवलेल्या तारेवरच्या इलेक्ट्रोडांमधून, म्हणजे विजेच्या बारीक टोकांमधून, तो ऐकण्याच्या मज्जातंतूंना देतं. मी डिचोलीची, तीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि शेवटच्या काही वर्षांत दोन्ही कान हळूहळू गेले. इम्प्लांटनंतर पहिल्या दीड वर्षात इतकं छान ऐकू यायला लागलं होतं की फोनवर बहिणीशी बोलता यायचं. मग हे दुखणं सुरू झालं. गेल्या दोन वर्षांत ते तीनदा उलटलं. तिन्ही वेळा मी मॅपिंगला गेले (कुठल्या इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची हे यंत्रात बसवणं म्हणजे मॅपिंग, आणि बसवलेली मांडणी म्हणजे मॅप), "नीट कळत नाही" म्हटलं, आणि तिन्ही वेळा एकच उपाय झाला: आवाज थोडा वाढवून मिळाला. चार-पाच दिवस बरं वाटायचं, कारण मोठा आवाज सुरुवातीला स्पष्टच वाटतो. मग शब्द आधीपेक्षा जास्त गढूळ व्हायचे.

चौथ्या वेळी मी आवाज वाढवून घ्यायला नकार दिला. त्यानंतर जे सापडलं आणि जे उपयोगी पडलं ते सगळं इथे लिहिते आहे, कारण हीच तक्रार घेऊन हाच उपाय घेऊन परतणारी माणसं मला प्रतीक्षा-खोलीत दर वेळी भेटतात.

आवाज वाढवला की शब्द का बिघडतात

माझं माहेर पेडणे तालुक्यातलं, अगरवाड्याच्या मिठागरांजवळचं. मिठागरात एकाला एक लागून वाफे असतात, मध्ये वीतभर उंचीचे मातीचे बांध. एका वाफ्यात पाणी बेताने सोडलं तर ते त्याच वाफ्यात राहतं. जास्त सोडलं की बांधावरून शेजारच्यात जातं, आणि मग कुठलं पाणी कुठलं ते ओळखता येत नाही.

आतल्या कानातला शंख, म्हणजे कॉक्लिया, बराचसा असाच आहे, फक्त तिथे बांधही नाहीत. शंखाच्या तोंडाशी उंच पट्टीचे आवाज ओळखले जातात, टोकाकडे खर्जातले. निरोगी कानात आतल्या ओळीतल्या सुमारे ३,५०० केसपेशी आणि जवळपास ३०,००० मज्जातंतू हे काम वाटून घेतात. त्या सगळ्यांच्या जागी आपल्याकडे बनावटीनुसार १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड असतात. ते ज्या द्रवात बसलेले असतात तो खारट असतो, आणि खारट पाण्यातून वीज सहज पसरते. इलेक्ट्रोडने दिलेला प्रवाह समोरच्या तंतूंपुरता थांबत नाही, तो दोन्ही बाजूंना जातो. ज्या तंतूंना जागं करायचं त्यांच्या पेशी शंखाच्या मधल्या खांबात असतात. इलेक्ट्रोडची तार त्या खांबापासून लांब, बाहेरच्या भिंतीलगत असेल तर त्यांच्यापर्यंत पोचायला प्रवाह जास्त लागतो आणि पसाराही जास्त होतो.

आता आवाज वाढवणं म्हणजे प्रत्यक्षात काय, तर प्रत्येक इलेक्ट्रोडचा प्रवाह वाढवणं. प्रवाह वाढला की तंतू जास्त जागे होतात, म्हणून आवाज मोठा लागतो. पण ते जास्तीचे तंतू शेजारच्या इलेक्ट्रोडच्या वाट्याचे असतात. दोन शेजारी एकाच तंतूंशी बोलायला लागले की मेंदूला ते दोन राहत नाहीत, एकच होतात.

हा पसारा नवा शोध नाही. अमेरिकेतले इम्प्लांट-संशोधक ब्लेक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली जी पद्धत प्रसिद्ध केली तिचा गाभाच हा होता की सगळे इलेक्ट्रोड एका वेळी चालू करायचे नाहीत, एकामागून एक झपाट्याने स्पंदनं द्यायची, म्हणजे त्यांची विद्युतक्षेत्रं एकमेकांत मिसळणार नाहीत. आजची बहुतेक यंत्रं त्याच वाटेने चालतात. त्याने अर्धा प्रश्न सुटला, कारण स्पंदनं वेगवेगळ्या क्षणी दिली तरी ती पोचतात त्याच तंतूंवर. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात इम्प्लांटधारकांचे इलेक्ट्रोड एकेक करून वाढवत नेले, तेव्हा सात ते दहाच्या पुढे वाक्य समजण्यात भर पडेनाशी झाली. म्हणजे बसवलेले बावीस असले तरी वेगळे म्हणून उपयोगी पडणारे त्याच्या निम्म्याहूनही कमी. हे वाचलं तेव्हा मला माझ्या तक्रारीचं नाव सापडलं. मला जास्त आवाज नको होता, जास्त नेमका आवाज हवा होता.

वर्णमालेचा तक्ता तक्रार बोलकी करतो

"नीट कळत नाही" या वाक्याने ऑडिओलॉजिस्टच्या, म्हणजे मॅपिंग करणाऱ्या श्रवणतज्ज्ञाच्या, हाती काहीच लागत नाही. तिने आवाज वाढवला यात तिची चूक मानायला मी तयार नाही, तिला मी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. काय कळत नाही हे सांगायला मला जुन्या शाळेच्या भिंतीवरचा तक्ता उपयोगी पडला.

वर्णमाला आठवा. आडवी ओळ: क, ख, ग, घ. या चौघांत जिभेची जागा एकच, फरक फक्त श्वासाचा आणि गळ्यातल्या कंपनाचा. तो फरक मुख्यतः वेळेत असतो: कंपन किती लवकर सुरू झालं, श्वास किती रेंगाळला. उभा स्तंभ: क, ट, त, प. इथे श्वास तोच, कंपन तेच, बदलते ती फक्त तोंडातली जागा: गळा, टाळू, दात, ओठ. हा फरक आवाजाच्या पट्टीत असतो, कुठल्या वारंवारतेवर जोर आहे यात.

इम्प्लांट वेळेचे फरक चांगले पोचवतं, पट्टीचे फरक वाईट. म्हणून चुका आडव्या ओळीत होतायत की उभ्या स्तंभात, हे पाहिलं की प्रश्न कुठल्या बाजूला आहे त्याचा अंदाज येतो. कार, खार, गार, घार यांत गोंधळ होत असेल तर मी आधी मंद आवाज निसटतायत का, खालची पातळी (जेमतेम ऐकू येईल एवढा प्रवाह) कमी पडतेय का, मायक्रोफोन अशक्त झालाय का हे बघेन. काप, टाप, ताप, पाप यांत होत असेल तर प्रवाहाच्या पसाऱ्याचा संशय घेईन. माझं "डाळ"चं "बाळ" आणि "पान"चं "कान" होत होतं, ते दोन्ही उभ्या स्तंभातले.

मी केलेली यादी अशी आहे. उभ्या स्तंभासाठी: काप, टाप, ताप, पाप, गाळ, डाळ, बाळ, कान, तान, पान, नळ, मळ, साल, शाल. आडव्या ओळीसाठी: कार, खार, गार, घार, पार, फार, बार, भार, ताट, थाट, दाट. स्वरांसाठी वेगळ्या दोन जोड्या: मीठ–मूठ आणि दीर–दूर. या स्वरांच्या जोड्यांना माझ्या लेखी फार किंमत आहे. "ई" आणि "ऊ" यांचा खालचा भाग जवळपास सारखाच, "ई"चा वरचा भाग मात्र दोन हजार हर्ट्झच्या पुढे असतो. तो वरचा भाग पोचला नाही किंवा खालच्यात मिसळला तर मीठ मागितल्यावर मूठ ऐकू येते. लहान मुलांच्या रोजच्या तपासणीत आ, ऊ, ई, श, स, म हे सहा आवाज वापरतात त्याचं कारणही हेच. खर्जापासून वरपर्यंतचा सगळा पट्टा त्या सहांत येतो.

तपासणी कशी करायची हे महत्त्वाचं आहे. पंखा बंद. वाचणारं माणूस दर वेळी तेच, अंतर तेच, आमच्याकडे सातवीतली नात आणि एक मीटर. शब्द उलटसुलट क्रमाने, प्रत्येक तीनदा. तोंड दिसता कामा नये, पण तोंडासमोर पुठ्ठा किंवा वही धरू नका. त्याने "स"सारखे उंच आवाज अडतात आणि खोटीच चूक दिसते. भरतकामाच्या गोल रिंगेत पातळ सुती कापड ताणून धरलं की ओठ दिसत नाहीत आणि आवाज आरपार येतो. काय म्हटलं आणि काय ऐकलं, दोन्ही लिहायचं. नुसतं चूक-बरोबर लिहिलं तर सगळी मेहनत वाया.

एक सांगायला हवं. उभ्या स्तंभातल्या चुका थोड्याफार प्रत्येक इम्प्लांटधारकाच्या होतात. म्हणून चांगल्या दिवसांत ही यादी करून ठेवा. बिघडल्यावर तुलना स्वतःच्याच जुन्या कागदाशी करायची, दुसऱ्याच्या मुलाशी किंवा शेजाऱ्याशी नाही.

मॅपला दोष देण्याआधी: गोव्याची हवा

माझ्या तीनपैकी एका वेळचं कारण मॅप नव्हतंच, ते मला फार उशिरा कळलं. ते जुलैमधलं होतं.

जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग कानामागे घामात दिवसभर बसलेल्या मायक्रोफोनचं काय होत असेल? त्याच्या जाळीत दमट धूळ बसली की आधी जातात ते उंच, मंद आवाज. "स" जातो, "श" जातो, "ई" मंदावते. माणसाला वाटतं मॅप बिघडला. मग मॅपमध्ये वरच्या पट्टीचा प्रवाह वाढवला जातो, आणि ऑक्टोबरमध्ये मायक्रोफोन सुकला किंवा बदलला की तोच मॅप कर्कश लागतो.

याची एक साधी चाचणी आहे, आणि तुमचं यंत्र फोनला थेट जोडता येत असेल तर पाच मिनिटांत होते. नातीने तेच शब्द फोनमध्ये रेकॉर्ड केले. आधी ते फोनमधून थेट यंत्रात घेतले, मग फोन टेबलावर ठेवून उघड्यावर वाजवले. थेट घेतल्यावर मायक्रोफोन वगळला जातो. थेट ऐकताना स्पष्ट आणि उघड्यावर गढूळ असेल तर दोष मायक्रोफोनकडे आहे, मॅपला हात लावू देऊ नका. दोन्हीकडे सारखंच गढूळ असेल तर पुढे चला.

रोजचं म्हणाल तर रात्री यंत्र पुसून, डिस्पोजेबल बॅटरी काढून सुकवणीच्या डबीत. डबीतल्या सिलिका जेलच्या मण्यांचा रंग बदलला की ते बदलायचे किंवा तापवून परत कोरडे करायचे. आमच्याकडे पावसाळ्यात मणी फार लवकर थकतात, पाकिटावर लिहिलेल्या मुदतीवर विसंबू नका, रंगावर विसंबा. मायक्रोफोनवरची जाळी किंवा झाकण बदलायची जी मुदत पुस्तिकेत असते ती मी पावसाळ्यात निम्मी धरते. कॉइलच्या, म्हणजे डोक्याला चिकटणाऱ्या चकतीच्या, चुंबकाची पकड सैल झाली तर आवाज तुटत-तुटत येतो, गढूळ होत नाही. ती वेगळी तक्रार आहे, तिचं निदान वेगळं.

मॅपिंगच्या खुर्चीत

चौथ्या वेळी मी कागद घेऊनच गेले. आमच्या ऑडिओलॉजिस्ट बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "काकू, हे तर उघड आहे, तुमच्या चुका एकाच पट्ट्यात आहेत. आज आपण आवाज वाढवायचा नाही."

पहिलं काम इंपीडन्सचं, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला किती विद्युतविरोध होतो ते मोजण्याचं. ते प्रत्येक भेटीत होतंच, पण मागच्या भेटींचे आकडे शेजारी ठेवून बघायला सांगा. एखाद्या इलेक्ट्रोडचा विरोध फार वर गेला असेल, तर यंत्राकडे तेवढा प्रवाह ढकलायची ताकद उरत नाही आणि तो इलेक्ट्रोड सांगितल्यापेक्षा कमीच देतो. दोन इलेक्ट्रोड आपसांत जोडले गेले असतील तर दोघांचा आवाज एकच लागतो. असे इलेक्ट्रोड बंद करतात. माझे सगळे ठीक निघाले.

दुसरं काम पट्टीची क्रमवारी. हे माझ्या बाबतीत पाच वर्षांत कधी झालं नव्हतं, आणि या लेखातली एकच गोष्ट तुम्ही नेणार असाल तर ही न्या. शेजारचे दोन इलेक्ट्रोड समान मोठेपणावर आणून एकामागून एक वाजवतात. विचारतात, यातला उंच कुठला? सारेगमप एकेक सूर करून तपासावं तसं. सलग सगळे करायला जवळपास तास गेला, मध्ये चहा झाला. तीन ठिकाणी मला दोन शेजाऱ्यांत काहीच फरक जाणवला नाही. एका ठिकाणी क्रम उलटा निघाला, जो उंच असायला हवा तो मला खालचा वाटला. ही चारही ठिकाणं मधल्या आणि त्याच्या जरा वरच्या पट्ट्यात होती, म्हणजे जिथे "ड" आणि "ब"चा निवाडा होतो तिथेच.

मग २२ पैकी चार इलेक्ट्रोड बंद केले. मी घाबरले होते, खरं सांगते. आधीच मोजके, त्यातले चार घालवायचे? पण ते चार मला नवीन काही सांगत नव्हते, शेजाऱ्याचंच परत बोलत होते. बंद केल्यावर त्यांच्या वाट्याच्या वारंवारता उरलेल्यांत वाटल्या गेल्या. उरलेल्यांच्या वरच्या पातळ्या (सोसवेल एवढ्या मोठ्या आवाजाचे प्रवाह) मधल्या पट्ट्यात थोड्या खाली आणल्या. वरची पातळी किती असावी हे फक्त "मोठं वाटतंय का?" एवढ्यावर ठरवू नये, शक्य असेल तर मध्यकर्णाच्या स्नायूची प्रतिक्षिप्त हालचाल कुठल्या प्रवाहाला सुरू होते ते मोजून बघावं. तो आकडा अंदाजापेक्षा भरवशाचा असतो, आणि लहान मुलांत तर फार उपयोगी.

इलेक्ट्रोड बंद करण्याचा फायदा सगळ्यांना होत नाही. काहींना फरक पडत नाही, काहींचं बिघडतं. म्हणून जुना मॅप यंत्राच्या एका कप्प्यात तसाच ठेवून घ्या. नवा चालला नाही तर परतायला वाट हवी.

आणखी काही उपाय आहेत, ते मला लागले नाहीत पण विचारायला हरकत नाही. नेहमीच्या पद्धतीत प्रवाह शंखातल्या इलेक्ट्रोडमधून निघून शंखाबाहेरच्या इलेक्ट्रोडकडे परततो, म्हणून वाट लांब आणि पसारा मोठा. त्याऐवजी परतीची वाट शेजारच्या दोन इलेक्ट्रोडांकडे दिली तर क्षेत्र अरुंद होतं, वाफ्याला दोन्ही बाजूंनी बांध घातल्यासारखं. पण मग तेवढाच आवाज लागायला प्रवाह जास्त द्यावा लागतो, बॅटरी लवकर संपते, आणि अभ्यासांतले निकाल माणसागणिक वेगळे आले आहेत. प्रत्येक यंत्रात ही सोय नसते. काही यंत्रांत दोन शेजाऱ्यांना कमी-जास्त प्रमाणात एकदम प्रवाह देऊन त्यांच्या मधली पट्टी ऐकवतात. त्याने पट्ट्यांची संख्या वाढते, पसारा मात्र आटत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे जाहिरात वाचताना ध्यानात ठेवा. स्पंदनाची रुंदी आणि वेगही बदलता येतात, विशेषतः एखाद्या इलेक्ट्रोडला प्रवाह पुरत नसेल किंवा चेहऱ्याचा स्नायू उडत असेल तेव्हा.

हे सगळं करूनही एखाद्या पट्ट्यातला गोंधळ हटत नसेल, तर इलेक्ट्रोडची तार शंखात नेमकी कशी बसली आहे ते स्कॅनवर बघायला हवं. तारेचं टोक कधी कधी आतल्या आत दुमडलेलं निघतं, आणि मग टोकाचे इलेक्ट्रोड क्रम सोडून बोलतात. इथे मला ऑस्ट्रेलियातले कानाचे डॉक्टर ग्रॅम क्लार्क यांची आठवण होते. शंखाच्या वळणातून तार खोलवर कशी सरकवायची हा प्रश्न त्यांना छळत होता, आणि १९७७ साली सुट्टीत ऑस्ट्रेलियाच्या एका किनाऱ्यावर त्यांनी एक शंख उचलून त्यात गवताची काडी घालून पाहिली. टोकाला लवचीक आणि मागे हळूहळू ताठ होत जाणारी काडी वळणं घेत आत गेली. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये त्यांनी बहुइलेक्ट्रोड इम्प्लांट माणसाला बसवलं. आमच्या मोरजीच्या वाळूत मी लहानपणी किती शंख गोळा केले असतील. त्यातला एक आता टेबलावर ठेवला आहे, नातीला समजावताना काडी घालून दाखवते.

पहिले तीन आठवडे

नवा मॅप घालून घरी आले तेव्हा सगळ्यांचे आवाज पातळ आणि जरा परके लागले. मुलगा म्हणाला, "आई, परत जाऊया का?" मी नाही म्हटलं. वारंवारता नव्या इलेक्ट्रोडांकडे गेल्या होत्या, मेंदूला नव्या पत्त्यांची सवय व्हायला वेळ लागणारच. पहिल्या आठवड्यात यादीतल्या चुका वाढल्याच. दुसऱ्यात जुन्या पातळीवर आल्या. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सुनेने विचारलं, "आई, डाळ काढू?" आणि मी "काढ" म्हटलं. ती चूल सोडून बाहेर आली, माझ्याकडे बघत उभी राहिली.

या तीन आठवड्यांत दोन गोष्टी पाळल्या. यंत्राचा व्हॉल्यूम वाढवायचा नाही, आणि जुन्या मॅपवर सारखं उडी मारायची नाही. रोज अर्धा तास नात मराठी दैनिकातली बातमी वाचायची आणि मी समोर कागद न धरता ऐकायचे, मग तोच मजकूर डोळ्यांखाली धरून परत ऐकायचे. ज्या शब्दांत चूक झाली ते त्याच दिवशी जोडीजोडीने पुन्हा. डाळ, बाळ. डाळ, बाळ. पहिलीच्या मुलांना घोकून घ्यायचे तसं.

गर्दीतलं वेगळं

चवथीला घुमट आरती सुरू झाली की शामेळ आणि कांसाळी या वाद्यांच्या गजरात कुठलाही मॅप बोलणं उलगडून देऊ शकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मॅपिंगला पळायची गरज नाही. अशा वेळी बहुतेक जण व्हॉल्यूम वाढवतात. उलट करा. व्हॉल्यूम आणि सेन्सिटिव्हिटी ही दोन वेगळी बटणं आहेत. सेन्सिटिव्हिटी कमी केली की लांबचे आवाज मागे पडतात आणि शेजारी बसलेल्याचं बोलणं वर येतं. व्हॉल्यूम वाढवलात तर वर सांगितलेला पसाराच वाढतो, आवाजात आवाज मिसळतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी सुनेच्या पदराला छोटा वायरलेस मायक्रोफोन लावते, तिचं बोलणं थेट यंत्रात येतं. बाजारात दुसरा इतका उपयोगी उपाय मला सापडलेला नाही.

लहान मुलांच्या आईबापांसाठी

चार वर्षांचं मूल "उंच कुठला" हे सांगू शकणार नाही. तिथे तंतूंनी दिलेला विद्युतप्रतिसाद यंत्राकडूनच मोजून घेता येतो. एका इलेक्ट्रोडने जागे केलेले तंतू शेजाऱ्यानेही जागे होतात का, याचा अंदाजही त्याच पद्धतीने घेता येतो. तो मागा. घरी सहा आवाजांची तपासणी रोज सकाळी, शाळेत जाण्याआधी, पाठीमागे उभं राहून. मूल काल "स"ला हात वर करत होतं आणि आज करत नसेल तर त्याच दिवशी मायक्रोफोन बघा. आणि बाई शाळेतून तक्रार करतात की "लक्ष देत नाही", तेव्हा मुलाला रागावण्याआधी शब्दांची यादी करा. मी स्वतः शिक्षिका असताना अशा मुलांना रागावले आहे, म्हणून हे सांगते.

यात घरी थांबायच्या नसलेल्याही गोष्टी आहेत. आवाज अचानक पूर्ण बंद होणं, कानामागे सूज किंवा लाली, चुंबकाखालची कातडी दुखणं, चक्कर, किंवा ताप येऊन मान आखडणं यांतलं काहीही झालं तर यादी-कागद बाजूला ठेवून सरळ कानाच्या डॉक्टरांकडे. इम्प्लांट असलेल्यांना मेंदूज्वराचा धोका जास्त असतो, त्याची लस झाली आहे का हेही विचारून घ्या.

वीज सोडून प्रकाशाने तंतू जागे करण्याचे प्रयोग जर्मनीत ग्योटिंगेनला प्राण्यांवर चालू आहेत. प्रकाश खारट पाण्यात विजेसारखा पसरत नाही, एका ठिकाणी रोखता येतो, म्हणून त्यांची एवढी आशा. माझ्या कानाच्या कामी ते येणार नाही, नातीच्या पिढीतल्या कुणाच्या तरी येवो.

माझ्या कागदावर आजही "नळ" आणि "मळ" वेगळे होत नाहीत, तीनपैकी दोनदा चुकतात. "न" आणि "म" यांच्यातला फरक बारीक आहे आणि बराचसा शेजारच्या स्वराकडे सरकताना कळतो, हे मी मुलांना शिकवताना कधी विचारात घेतलं नव्हतं. पुढची भेट दिवाळीनंतर आहे. त्या दिवशी खालच्या पट्ट्यातल्या इलेक्ट्रोडांची क्रमवारी परत करून घ्यायची असं ठरलं आहे. मागच्या वेळी तिथे पोचेपर्यंत आम्ही दोघी दमलो होतो आणि ते शेवटचे सहा घाईत उरकले होते.